तुम्ही विचारलंत म्हणून: थोड्या पैशांतले लिस्बन

सावंतवाडीजवळच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते आणि माझी धाकटी बहीण लग्नानंतर म्हापशाला राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघी पोर्तुगालची राजधानी लिस्बनला आठ दिवस राहून आलो, तेव्हापासून शेजारणी, सहकारी आणि माजी विद्यार्थीसुद्धा मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: पॅरिसला गेला नाहीत, स्वित्झर्लंडला गेला नाहीत, तिकीट काढून पाहायच्या मोठ्या वास्तूही बहुतेक बाहेरूनच पाहिल्यात, मग एवढ्या लांब जाऊन पाहिलेत तरी काय? ज्या शहरातून निघालेल्या गलबतांविषयी मी वर्षानुवर्षे वर्गात बोलत आले, त्या शहराचे रस्ते मला पाहायचे होते. रस्ते पाहायला तिकीट लागत नाही, त्यामुळे आमच्या तुटपुंज्या पैशांत हे बसण्यासारखे होते.

लिस्बनचा विमानतळ शहराला अगदी लागून आहे आणि मेट्रोचे स्थानक विमानतळाच्या दारातच आहे. लाल मार्गाने अलामेडापर्यंत जायचे, तिथे हिरव्या मार्गाची गाडी पकडायची आणि मार्तीं मोनीश स्थानकावर उतरायचे, एवढाच आमचा प्रवास होता. टॅक्सीच्या तुलनेत तो फारच स्वस्त पडला. खोली मात्र मोउरारियात होती, टेकडीच्या उतारावर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चाकांची बॅग दगडी फरसबंदीवरून आणि पायऱ्यांवरून ओढत नेताना आमचे हात भरून आले. तिकडे जाणाऱ्यांना मी पाठीवरची पिशवीच न्यायला सांगते.

राहायला मोउरारिया निवडली ती स्वस्त म्हणून, पण त्या नावातच इतिहास आहे. 1147 साली अफोंसो हेन्रिकेश या राजाने मूर लोकांकडून लिस्बन जिंकले आणि उरलेल्या मुसलमान रहिवाशांना कोटाबाहेरच्या या उतारावर वसवले, तीच ही मूरांची वस्ती. आज तिथल्या गल्ल्यांत बांगलादेशी दुकानदारांची दुकाने आहेत. तांदूळ, मसूर, हळद आणि हिरव्या मिरच्या आम्हाला घरापासून शंभर पावलांवर मिळाल्या आणि रात्रीचे जेवण आम्ही खोलीवरच केले.

दुपारचे जेवण लहान खाणावळीत होई. अशा ठिकाणी दिवसाची ठरलेली थाळी वाजवी दरात मिळते, पण न मागता टेबलावर ठेवलेला पाव, ऑलिव्ह आणि चीज यांचे पैसे ते खाल्ल्यास बिलात लागतात. नको असल्यास ते परत न्यायला सांगावे, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. आम्ही चीज परत करत असू, पाव ठेवून घेत असू. बहिणीच्या दारी रोज सकाळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्यामुळे बेकरीवरची ‘पादारिया’ ही पाटी तिने पहिल्याच दिवशी न अडखळता वाचली. आपला पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आले हे मी मुलांना सांगत असते. दुकानदाराच्या तोंडून ते ऐकताना मला वर्गातला फळा आठवत होता.

आमच्या मुक्कामात 1 नोव्हेंबर आला. 1755 साली याच तारखेला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, साडेनऊच्या सुमारास या शहराला भूकंपाने हादरवले. लोक चर्चमध्ये होते, वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. छते कोसळली, मग नदीतून लाटा चढून आल्या आणि लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या दिवशी आम्ही टेकडीवरच्या कार्मो चौकात जाऊन उभ्या राहिलो. कार्मोच्या मठाच्या चर्चचे छत तेव्हा पडले ते पुन्हा पूर्ण बांधलेच गेले नाही. दगडी कमानी उघड्या आभाळाखाली तशाच उभ्या आहेत. कोपऱ्यावर एक माणूस चेस्टनट भाजत होता, त्याच्या शेगडीचा पांढरा धूर चौकभर पसरला होता आणि त्या तारखेला तो धूर पाहून मला बोलवेना.

कार्मोवरून खाली उतरले की बायशा, म्हणजे सखल भाग लागतो. भूकंपानंतर मार्केश दे पोंबाल या मंत्र्याच्या देखरेखीखाली तो नव्याने उभारला गेला. तिथले रस्ते सरळ आहेत, घरे एकसारखी आहेत आणि भिंतींच्या पोटात लाकडाचा पिंजरा बसवलेला आहे, म्हणजे जमीन हलली तरी लाकूड लवचीकपणे झोल घेईल. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून या बांधणीची परीक्षा घेतल्याचे सांगतात. मोउरारियाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांतून रोज या सरळ रस्त्यांवर उतरताना तो भूकंप पायांना कळत असे. बसमध्ये बसून ते कळले असते असे मला वाटत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी रोसियो चौकात काढला. तिथे आज जे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात 1560 साली सुरू झालेले इन्क्विझिशन शेवटी लिस्बनलाच उत्तरदायी होते. जवळच्या साओ दोमिंगुशच्या चर्चपाशी 1506 साली ज्यूंच्या, बळाने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या, कत्तलीला सुरुवात झाली. बाहेर त्याचे स्मारक आहे. आत 1959 च्या आगीने तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. माझी बहीण त्या खांबांपाशी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “ताई, हे झाकलं नाही, ते बरं केलं.” मलाही तसेच वाटले.

बेलेम भागातल्या जेरोनिमुश मठात आम्ही फक्त चर्च पाहिले, कारण आतल्या अंगणाला तिकीट होते. मठाच्या बांधकामाला पैसा पुरवला तो पूर्वेच्या मसाल्यांवरील कराने, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीनेही. वास्को द गामाची दगडी समाधी तिथे आहे. 1524 साली तो कोचीला वारला, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. त्या समाधीपुढे मला आदर वाटला नाही आणि रागही आला नाही. तिथली गर्दी पाहून मात्र आपल्या बाजूची गोष्ट इथे कोण सांगणार, असे सारखे मनात येत राहिले.

नदीकाठच्या कासा दुश बिकुशपाशी आम्ही जास्त रमलो. टोकदार दगडांनी मढवलेले हे घर 1523 च्या सुमारास अफोंसो द अल्बुकर्कच्या मुलाने बांधले. 1510 साली गोवा घेणारा तोच हा अल्बुकर्क, आणि हापूस आंब्याला नाव मिळाले तेही त्याच्याच अफोंसो या नावावरून, असे सांगतात. आता तिथे जुझे सारामागू या नोबेल विजेत्या लेखकाच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी पुरल्या आहेत. आम्ही त्या झाडाजवळच्या बाकावर बसून घरून आणलेले लाडू खाल्ले. मी बहिणीला घराची हकीकत सांगितली. ती रत्नागिरीत हापूसच्या बागेत लहानाची मोठी झालेली, माझ्यासारखीच. तिने वर मान करून एकेक दगड नीट पाहिला.

शेवटच्या दोन दिवसांसाठी आम्ही चोवीस तासांचे तिकीट काढले होते. त्याची मुदत पहिल्या वापरापासून मोजली जाते, म्हणून संध्याकाळी सहाला सुरू केले तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत ट्राम, बस, मेट्रो आणि, त्या प्रकारचे तिकीट घेतले असेल तर, नदीपलीकडच्या कासील्हासची बोटही त्यात येते. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास आम्ही काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून बोटीत चढलो. तेजू नदी तिथे खाडीसारखी रुंद आहे. बोट निघाली आणि दहा-बारा मिनिटे ते शहर, टेकडीवरचा किल्ला, कार्मोच्या उघड्या कमानी आणि खालचा सरळ बायशा, हळूहळू मागे सरकत गेले. आपल्या किनाऱ्याकडे निघालेल्या खलाशांनीही मागे वळून हाच किनारा पाहिला असणार. कासील्हासच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा तिकिटाची चाळीस मिनिटे शिल्लक होती. आम्ही परतीच्या बोटीच्या रांगेत उभ्या राहिलो, आणि या वेळी शहराच्या बाजूची जागा धरून बसलो.