नान्सेनच्या सोबतीचा माणूस

शुक्रवार रात्र, खानापूर

गेले काही दिवस ह्याल्मार योहान्सेन हा नॉर्वेचा ध्रुवप्रवासी डोक्यातून जात नाही. ध्रुवावरच्या मोहिमांचं काहीही वाचायला घेतलं की नान्सेन येतो, अमुंडसेन येतो, स्कॉट येतो. योहान्सेन त्यांच्या गोष्टीत मध्येच येतो आणि निघून जातो. मला मात्र या सगळ्यांत तोच जवळचा वाटायला लागलाय.

१८९३ साली फ्रिट्यॉफ नान्सेन ‘फ्राम’ जहाज घेऊन नॉर्वेहून निघाला, तेव्हा योहान्सेनला काहीही करून त्यावर जायचं होतं. दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यानं बॉयलरमध्ये कोळसा टाकायचं काम पत्करलं. फ्रामची बांधणी मुद्दाम गोलसर होती. बर्फानं दोन्हीकडून दाबलं की जहाज चिरडायच्या ऐवजी वर उचललं जायचं. बर्फात अडकून राहायचं आणि प्रवाहाबरोबर उत्तर ध्रुवाकडं वाहत जायचं, असा नान्सेनचा बेत होता. जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसल्यावर १४ मार्च १८९५ ला नान्सेन आणि योहान्सेन हे दोघं २८ कुत्री, तीन घसरगाड्या आणि दोन कयाक (लहान होड्या) घेऊन खाली उतरले. ८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशापर्यंत पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कुणी गेलं नव्हतं. पुढं बर्फाचे नुसते ढिगारे होते. तिथूनच परत फिरले.

परतीच्या वाटेवर एकदा दोघांच्याही घड्याळांना किल्ली द्यायची राहिली. वेळ चुकली की रेखांश चुकतो. त्यानंतर आपण नेमके कुठं आहोत हे त्यांना खात्रीनं कळेनासं झालं. ऑगस्टमध्ये एका अस्वलानं योहान्सेनला उताणा पाडला. त्याचा गळा हातानं धरून ठेवून योहान्सेननं नान्सेनला सांगितलं की लवकर करा, नाहीतर उशीर होईल. तेही ‘अहो’ म्हणून! दोन वर्षं एका जहाजावर, पाच महिने एका तंबूत काढून हे दोघं अजून एकमेकांना अहो-जाहोच करत होते.

मग फ्रान्झ जोसेफ लँड या उत्तरेकडच्या बेटांच्या समूहातल्या एका बेटावर हिवाळा गाठला. आमच्या कणकुंबी-जांबोटीकडं पावसाच्या आधी घरोघरी बेगमी करतात, तशी त्यांनी केली, फक्त ती अस्वलांची आणि वॉलरस या मोठ्या सुळेवाल्या समुद्री प्राण्याची. जमीन खोदून दगड रचले, वाहून आलेलं एक ओंडकं आढ्याला टाकलं, वर वॉलरसची कातडी घातली. आत चरबीचा दिवा. सकाळी उकडलेलं अस्वल, रात्री तळलेलं अस्वल. झोप तर दिवसातून वीस-वीस तास. कपडे तेलकट होऊन अंगाला चिकटले होते, ते सुरीनं खरवडायचे. नाताळच्या आदल्या रात्री योहान्सेननं सणाचा म्हणून सदरा उलटा करून घातला. वाचायला काय, तर समुद्रावरचं पंचांग आणि दिशा काढायची कोष्टकं. तीच पानं नान्सेन पुन्हा पुन्हा चाळायचा, छापील अक्षर दिसलं की बरं वाटायचं म्हणून. त्या वर्षअखेरीला त्यांनी ठरवलं की आता अरे-तुरे करू या.

मी या झोपडीपाशी अडकलोय. ध्रुवाकडं चालत जाण्यापेक्षा हे आठ-नऊ महिने मला अवघड वाटतात. चालताना रोज काहीतरी ठरवायचं असतं. झोपडीत ठरवायला काही नाही, समोर तेच एक तोंड, आणि त्याच्याशी भांडलं तर जायला जागा नाही.

माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. भरती आणि ट्रेनिंग बेळगावच्या कॅम्पात. नोकरीतला एक हिवाळा सियाचिनच्या चौकीवर. मी लहान असताना त्यांच्या बर्फाच्या गोष्टी ऐकायला टपून असायचो, पण ते सांगायचे फक्त रॉकेलच्या स्टोव्हबद्दल. तो सतत पेटता ठेवायचा, त्याच्या काजळीनं थुंकीसुद्धा काळी पडायची, आणि खाली उतरल्यावर कितीतरी दिवस खोकल्यातनं काळंच यायचं. काल त्यांना योहान्सेनच्या झोपडीचं सगळं वाचून दाखवलं. सुरीनं सदरा खरवडायच्या जागी ते हसले. म्हणाले, “हे लिवणारा खरोखर राहून आलेला हाय बघ.” मग थोड्या वेळानं, “तिथं बोलाय काय उरत न्हाई. पंधरा दिवसांत सगळ्यांची गावं, सगळ्यांच्या म्हशी, सगळं बोलून होतंय.”

पुढं १७ जून १८९६ ला त्याच बेटांतल्या केप फ्लोरापाशी नान्सेनला फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज भेटला आणि दोघं सुटले. फ्रामही बर्फातून मोकळं झालं. निघालेले तेराच्या तेरा जण जिवंत परतले. नान्सेन प्रोफेसर झाला, लंडनला नॉर्वेचा राजदूत झाला, निर्वासितांसाठी काम करून १९२२ चं शांततेचं नोबेल मिळवलं. योहान्सेन घरी आला आणि त्याचं काही धड झालं नाही. सैन्यात कॅप्टन झाला, पण दारू लागली, नोकरी गेली, संसार मोडला. हे वाचताना फार वाईट वाटतं. बर्फात कशानं न हललेला माणूस गावात आल्यावर ढासळला.

नान्सेनच्या शब्दावर अमुंडसेननं त्याला १९१० मध्ये दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत घेतलं. सप्टेंबर १९११ मध्ये अमुंडसेन घाई करून लवकर निघाला. पारा उणे पन्नासच्या खाली गेला, मागं फिरावं लागलं, आणि परत येताना जो तो आपापला पळत सुटला. मोहिमेतल्या तरुण प्रेस्ट्रुडचे पाय गारठून गेले होते, तो मागं पडला. योहान्सेन त्याच्यासाठी थांबला आणि त्याला सुखरूप तळावर आणलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अमुंडसेनला त्यानं तोंडावर सुनावलं. अमुंडसेननं त्याला ध्रुवावर जाणाऱ्यांतून काढून टाकलं. १४ डिसेंबरला ध्रुवावर पाच जण उभे होते, त्यांत तो नव्हता. जानेवारी १९१३ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं.

मला वाटलं होतं काका योहान्सेनची बाजू घेतील. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, माणूस मागं टाकून पळायचं नसतं, हे त्याचं शंभर टक्के बरोबर. पण तसल्या जागी कमांडरला चारचौघांत बोललास की उद्या चौकीवर कोण कुणाचं ऐकणार? बाजूला घेऊन बोलायचं. मी म्हटलं, बाजूला घेऊन बोलला असता तर अमुंडसेननं ऐकलं असतं का? काका म्हणाले, “न्हाई ऐकलं असतं. पण याला काढला नसता.” मला हे अजून पटलेलं नाही. सोबत्याला मरणातून ओढून आणल्यावर दुसऱ्या सकाळी आवाज खाली ठेवून कोण बोलेल? काकांना मी हे परत विचारणार आहे, आणि त्यांच्या चौकीवर असं कधी झालं होतं का, तेही.