अप्पांचा शोकप्रस्ताव

आमचे थोरले चुलते अप्पा ऐन पावसाळ्यात गेले. महिनाभराने विधानभवनातून फोन आला. माजी आमदार म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांचा शोकप्रस्ताव येणार, परिचय पाठवा. जन्मतारीख, शिक्षण, कितीदा निवडून आले, पदं कोणती. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत देतो. लागले अकरा दिवस.

पहिली अडचण जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर 1 जून. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच. गुरुजी पोराला शाळेत घेताना तीच तारीख टाकायचे. पत्रिकेत मात्र कार्तिक महिना. काकू म्हणाल्या, "पत्रिकेतलं खरं." पण सगळ्या सरकारी कागदांवर 1 जून होती, तीच पाठवली. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग अप्पांच्या साखर कारखान्याचं साल. नोंदणीचं वेगळं, परवान्याचं वेगळं, चाचणी हंगामाचं आणखी वेगळं. ‘संस्थापक अध्यक्ष’च्या पुढं यातलं कुठलं लिहायचं? जुने अहवाल माळ्यावर वाळवीनं खाल्लेले. शेवटी एका निवृत्त चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठलं. म्हातारा म्हणाला, "सालाचं काय घेऊन बसलास? शेअर गोळा करताना अप्पांच्या मागं सायकलवर मी हुतो. लोक म्हणायची, सांगलीत वसंतदादांनी काढलाय की कारखाना, मग आमच्याकडं आनि कशाला?"

त्यानं पत्र्याच्या पेटीतनं पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढली. पानापानावर जांभळे अंगठे, काही चौकट सोडून नावावर उमटलेले. एका पावतीमागं पेन्सिलीनं लिहिलेलं, "शेंगा विकल्यावर बाकी." अक्षर अप्पांचं. पहिली पावती फाडलेलं साल नोंदणीच्याही आधीचं निघालं. ते कुठल्याच रकान्यात बसेना. मी नोंदणीचं लिहिलं.

अप्पांनी खरा जीव लावला तो नदीचं पाणी पंपानं उचलून रानात नेणाऱ्या उपसा योजनेत. ऊस नसेल तर कारखाना चालवायचा कशावर, आणि पाणी नसेल तर ऊस कुठला, असं त्यांचं साधं गणित. उसाच्या बिलातनं बिनपरतीची ठेव कापली म्हणून त्यांना शिव्या घालणारे शेतकरीसुद्धा पाइपलाइनच्या चरीत उतरले होते. हे सगळं लिहून सात पानं झाली. फोनवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "एक पान करा. वाचायला दोन-तीन मिनिटंच असतात."

डिसेंबरात नेमकी आमच्या उसाला तोड आली. भाऊ फडात राहिला, मी महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर गाठलं. आमच्या आमदारांच्या शिफारशीवर गॅलरीचा पास मिळाला. मोबाइल बाहेर जमा. पहिल्या दिवसाचं कामकाज उरकल्यावर शोकप्रस्ताव आले, अप्पांचं नाव तिसरं. सात पानांतली उपशाची एकच ओळ उरली होती, पण होती. मग सगळे उभे राहिले, गॅलरीतले आम्हीसुद्धा. माझ्या शेजारच्या माणसानं टोपी काढून छातीशी धरली. तोही कुणाचा तरी पुतण्या असावा.

पुढं प्रस्तावाची प्रत घरी आली. काकूंना वाचून दाखवली. 1 जूनला अडखळलो, तर म्हणाल्या, "वाच पुढं." उपशाची ओळ दोनदा वाचायला लावली. मग कागद घडी घालून पत्रिकेच्याच पिशवीत ठेवला.