दात्यांमधली कागदाची पट्टी

गेल्या दिवाळीत मी रॉक क्रॉलरचं, म्हणजे रिमोटवर (आरसी) चालणाऱ्या छोट्या ट्रकचं, किट घेतलं. माप १:१०, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश. धुरळा उडवत पळणाऱ्या आरसी गाड्या वेगळ्या. क्रॉलर माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू, दगड चढतो आणि मला तेच हवं होतं. खोक्यात स्क्रूच्या पुड्या, बेअरिंगं, चॅसीच्या दोन लांब पट्ट्या आणि पुस्तिका. मोटर, चाकं वळवणारा सर्व्हो, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, रिमोट, बॅटरी हे सगळं वेगळं घ्यावं लागलं.

पहिली चूक स्टिअरिंगला झाली. रिमोट आणि ट्रकमधला रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, पण रिसीव्हरकडून सर्व्होला जातो तो विजेचा साधा ठोका, सेकंदाला साधारण ५० वेळा. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्हो मध्यावर. एककडे सरकला की एका बाजूला वळतो, दोनकडे सरकला की दुसऱ्या. हे मी वाचलेलं होतं, तरी घाईत सर्व्होचा हॉर्न, म्हणजे त्याच्या दांड्यावरचा छोटा हात, आधी बसवला आणि वीज नंतर दिली. वीज मिळताच सर्व्होने आपला मध्य गाठला, पुढची दोन्ही चाकं उजवीकडे जाऊन अडकली आणि तो तसाच जोर लावत गुणगुणत राहिला. मी झटकन बॅटरी काढली. आधी रिमोट चालू करायचा, मग ट्रक. ट्रिम, म्हणजे मध्य किंचित सरकवायचं रिमोटवरचं बटण, शून्यावर ठेवायचा. सर्व्हो मध्यावर स्थिर झाला की चाकं सरळ धरून मगच हॉर्न घालायचा. बंद करताना उलट, आधी ट्रक, शेवटी रिमोट.

शॉक्समध्ये, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळ्यांमध्ये, सिलिकॉन ऑइल भरणं मात्र मला फार आवडलं. पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. त्यात घाई चालत नाही.

खरी अडचण मोटरची. मी ३५ टर्नची ब्रश मोटर घेतली होती. आतल्या तारेचे वेढे जास्त, म्हणून फेरे कमी आणि सावकाश चालवताना पकड चांगली. पार्किंगमध्ये पाचच मिनिटं ट्रक चालवला आणि मोटरवर बोट टेकवेना, इतकी तापली. आवाजही रडका येत होता.

बाबा गॅलरीतून ऐकत होते. भोसरीत तीस वर्षं फिटर होते ते. खाली आले, मागचं चाक हाताने फिरवलं आणि म्हणाले, "अगं, गिअर किती घट्ट बसवलास! दात्यांना थोडी मोकळीक लागते."

"बाबा, सैल ठेवलं तर दाते नाही का खाणार?"

"खातील ना. म्हणून मापात ठेवायची. वहीचा कागद आण."

मोटरच्या टोकाला असतो तो छोटा पिनिअन, तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर गिअर. त्यांनी मोटरचे स्क्रू ढिले केले, बोटभर रुंदीची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घातली, पिनिअन स्परला टेकवला आणि स्क्रू आवळले. मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. तिच्यावर दात्यांच्या एकसारख्या घड्या पडल्या होत्या, फाटली कुठेच नव्हती. पट्टी निघाल्यावर उरली तेवढीच फट हवी. पिनिअन दांड्यावर धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रूही त्यांनी काढला, मोटरच्या दांड्याच्या सपाट भागावर नेमका आणला आणि स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या थ्रेडलॉकचा थेंब लावून पुन्हा बसवला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं वेताळ टेकडीवर गेलो. तिथला काळा बेसॉल्ट क्रॉलरसाठी झकास, मऊ रबराचे टायर त्याला चिकटून धरतात. क्रॉलरच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शिअल लॉक असतं, डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. त्यामुळे डांबरी रस्त्यावर तो वळताना टायर घासतो. पण दगडावर एक चाक हवेत गेलं तरी जोर तिकडे वाया जात नाही, टेकलेली चाकं ओढत राहतात.

पहिल्या उभ्या चढाला ट्रक मागे उलटला. बॅटरी मागच्या बाजूला होती. ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर आणून पट्ट्याने बांधली. पुन्हा लावला. पुढचं डावं चाक कडेला लागलं, टायर दबून दगडाच्या आकाराचा झाला, क्षणभर सगळं थांबलं आणि मग ट्रक इंचाइंचाने वर सरकला. माथ्यावर रिमोटचा ट्रिगर सोडला तर तिथेच उभा राहिला, ट्रिगर सोडताच मोटर अडवणाऱ्या ड्रॅग ब्रेकमुळे जराही मागे आला नाही.

बाबांनी वाकून मोटरवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. "कोमट आहे," म्हणाले, आणि रिमोटसाठी हात पुढे केला.