श्वांगाऊच्या ढालीवरचा हंस

युरोपच्या सहलींवर मराठी पर्यटकांचे गट नेत असल्यामुळे बव्हेरियातील नॉयश्वानस्टाईन किल्ला माझ्या परिचयाचा आहे. परंतु तो ज्या श्वांगाऊ गावाच्या हद्दीत येतो, त्या गावाच्या मानचिन्हाविषयी मला एकदाच विचारणा झाली. त्या दिवशी ढग इतके खाली उतरले होते की किल्ला दिसत नव्हता, आणि प्रवेशाच्या वेळेला बराच अवकाश होता. गटातील एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने फलकावरील ढालीकडे बोट दाखवले. लाल भूमीवर पांढरा हंस, चोच आणि पाय काळे.

“सरस्वतीचं वाहन इथं कसं हो, ताई?”

“राजा लुडविगचा हंस तो, वाग्नरच्या संगीतिकेतला,” शेजारचे गृहस्थ ठामपणे म्हणाले.

हा तर्क स्वाभाविक होता, कारण जर्मन संगीतकार वाग्नरच्या त्या संगीतिकेचा नायक, हंसाने ओढलेल्या नावेतून येणारा सरदार लोहेनग्रीन, याने हा किल्ला बांधणाऱ्या बव्हेरियाच्या राजा लुडविगला खरोखरच वेड लावले होते. मात्र ती संगीतिका १८५० साली रंगमंचावर आली, किल्ल्याची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि त्याचे हंसावरून (जर्मनमध्ये ‘श्वान’) पडलेले आजचे नाव तर राजाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८८६ नंतर रूढ झाले. ढालीवरचा हंस मध्ययुगीन श्वांगाऊ सरदारांचा आहे. त्यांच्यापैकी हिल्टबोल्ट हा प्रेमगीते रचणारा कवी होता, आणि हायडेलबर्गला जपलेल्या चौदाव्या शतकातील सचित्र हस्तलिखितात तो दोन स्त्रियांसह, हंसाच्या चिन्हानिशी रंगवलेला आहे. सोळाव्या शतकात हे घराणे संपले; पुढे लुडविगच्या वडिलांनी १८३०च्या दशकात जवळचा पडका किल्ला पुन्हा बांधून त्याच्या भिंतींवर हंससरदाराची कथा चितारून घेतली, आणि त्या चित्रांच्या सहवासात राजपुत्र वाढला. हंस राजाने गावाला दिलेला नाही. उसना घेतला असेल तर राजघराण्यानेच.

बाईंना रंगांचे अधिक कुतूहल होते. मानचिन्हांच्या शास्त्रात पांढरा म्हणजे चांदी. सोने आणि चांदी हे धातू, तर लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, म्हणजे चिन्ह लांबूनही ओळखू येते. चोच आणि पाय यांसारख्या बारीक अवयवांना तेवढी सूट असते. हे ऐकल्यावर त्यांनी तिथल्या प्रत्येक फलकाची तपासणी आरंभली.

आत गेल्यावर, राजाच्या शयनगृहातील हंसाच्या आकाराच्या नळापुढे, त्याच गृहस्थांनी मागच्या लोकांना हिल्टबोल्टची हकिकत ऐकवली. शतक तेवढे चुकीचे सांगितले.