ऐकू कोणाला जातं?

मराठीच्या तासाला वहीत ‘स्वगत म्हणजे पात्राचं स्वतःशी बोलणं’ एवढं लिहिलं की गुण पदरात पडत. शाळेने आम्हाला व्याख्या चोख दिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाटकाची परिभाषा नुसत्या व्याख्येने उलगडत नाही. शब्द कुठलाही असो, दोन प्रश्न विचारून बघावेत: हे बोलणं कोणाला ऐकू जातं, आणि कोणाला काय माहीत आहे? सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं तेव्हा आठवणींपेक्षा हेच लिहावं असं ठरवलं. निदान यंदाच्या स्नेहसंमेलनात कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

स्वगत घ्या. जुन्या मराठी संहितांमध्ये संवादाआधी कंसात ‘स्वगत’ आणि पुढे ‘उघड’ असं छापलेलं असतं. या दोन शब्दांच्या मध्ये जे येतं ते शेवटच्या रांगेलाही ऐकू जातं, शेजारी उभ्या असलेल्या पात्राला मात्र नाही. शाळेच्या नाटकात नेमकं इथेच बिनसतं. बोलणारा समोरच्या मित्राकडे बघत बोलतो आणि मित्र त्यावर हसतो. मग ते स्वगत राहतच नाही. बोलणाऱ्याने नजर प्रेक्षकांकडे किंवा रिकाम्या जागेत टाकावी. दुसऱ्याच्या हाताला पानाचा डबा, पत्र, काहीतरी काम द्यावं, म्हणजे तो पुतळ्यासारखा थिजत नाही. रंगमंचावर दुसरं कोणी असताना स्वगत एकदोन वाक्यांत आटपावं. लांबलचक स्वगत एकट्या पात्रालाच शोभतं.

संस्कृत नाटकाने याच्या आणखी बारीक छटा केल्या. दोघांनी इतरांना चुकवून आपसांत बोलणं म्हणजे जनांतिक. त्यासाठी अनामिका दुमडून बाकीची बोटं उभी ठेवलेला ‘त्रिपताक’ हात आडवा धरतात. तोंड वळवून एकालाच गुपित सांगणं म्हणजे अपवारित. आणि समोर कोणीच नसताना ‘काय म्हणतोस?’ असं विचारत उत्तर ऐकल्यासारखं करणं म्हणजे आकाशभाषित. हा शेवटचा प्रकार जुनापुराणा वाटतो खरा, पण रंगमंचावरचा प्रत्येक फोन आकाशभाषितच आहे. नवखे नट फोनवर सलग बोलत सुटतात आणि पलीकडचा माणूस नाहीसा होतो. पलीकडचं वाक्य मनात पूर्ण म्हणावं, मगच उत्तर द्यावं. तालमीत ती वाक्यं कागदावर लिहून कोणाला तरी विंगेतून म्हणायला लावावीत आणि प्रयोगात गाळावीत; मधली जागा आपोआप राहते.

‘कोणाला काय माहीत’ या दुसऱ्या प्रश्नाला कालिदासाच्या शाकुंतलाइतकं सोपं उदाहरण नाही. चौथ्या अंकाच्या आरंभी अनसूया आणि प्रियंवदा फुलं वेचत असतात आणि पडद्याआडून दुर्वासाचा शाप ऐकू येतो. शाप दोघी मैत्रिणींना कळतो, आपल्याला कळतो. शकुंतलेला नाही, दुष्यंतालाही नाही. त्यामुळे पाचव्या अंकात तो तिला ओळखत नाही तेव्हा दोघांपैकी कोणालाच आपण खोटं म्हणू शकत नाही. यालाच नाट्यमय उपरोध म्हणतात. फुलं वेचण्याचा तो तुकडा म्हणजे विष्कंभक: दोन अंकांच्या मधलं घडलेलं किंवा पुढे घडायचं थोडक्यात कळवणारा. सहाव्या अंकाआधी अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला पकडणारे शिपाई येतात, तो प्रवेशक. कामही जवळपास तेच, पण तिथे फक्त खालच्या दर्जाची मानलेली पात्रं असतात. आजच्या नाटकातला ‘प्रवेश’ म्हणजे अंकाचा भाग. प्रवेशकाशी त्याची गल्लत करू नये. शाप आला ते ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची, रंगभूषेची जागा. आज आपण त्याच शब्दाने सजावट आणि सेट ओळखतो, म्हणून जुनी संहिता वाचताना अडखळायला होतं.

पूर्वरंग मात्र तळकोकणातल्या मुलाला शिकवावा लागू नये. जत्रेतल्या दशावतारात आधी आडदशावतार होतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर आणि त्याची मालवणी टोलेबाजी. त्यानंतर आख्यान. आडदशावतार हा पूर्वरंग आणि आख्यान हा उत्तररंग. देवळातल्या कीर्तनातही निरूपण आधी, आख्यान नंतर, नावंही तीच. दशावतारात छापील संहिता नसते. आख्यान, प्रवेशांचा क्रम, कोणी काय उघड करायचं एवढं आधी ठरतं. संवाद नट तिथल्या तिथे रचतो आणि एकच बाकडं कधी सिंहासन होतं, कधी पर्वत. शाळेत दशावतार बसवताना संवाद लिहून पाठ करून घेतात, म्हणून तो कोरडा होतो. प्रत्येक प्रवेशाला तीनच गोष्टी ठरवाव्यात: कोण येतो, कोणती बातमी कळली पाहिजे, आणि कोणत्या वाक्यावर समोरच्याने बोलायचं. हे शेवटचं वाक्य तेवढं पक्कं पाठ हवं, नाहीतर दोघंही एकदम बोलतात किंवा दोघंही गप्प.

शोकांतिका हा शब्द वर्तमानपत्रांनी फार स्वस्त केला. दरड कोसळून माणसं गेली तर ती दुर्घटना. शोकांतिकेत नाशाची एक दोरी नायकाच्याच हातात असते. ‘एकच प्याला’मध्ये अपमानाने पेटलेल्या सुधाकराला तळीराम पाजतो हे खरं, पण प्याला उचलतो सुधाकर.

काव्याकडे येताना अलंकारांपुरता एक व्यायाम सांगतो. एकच कल्पना चारदा फिरवायची. ‘झावळ्या हातांसारख्या हलतात’ ही उपमा. उपमेय, उपमान, समान धर्म, साम्यवाचक शब्द चारही हजर. ‘झावळ्या जणू हातच’ ही उत्प्रेक्षा. ‘झावळ्यांचे हात हलले’ हे रूपक. ‘या झावळ्या नव्हेत, हात आहेत’ ही अपन्हुती. वृत्तांमध्ये मुलं चुकतात ती जोडाक्षराशी: मागच्या अक्षरावर आघात आला तरच ते गुरू, म्हणून ‘तुझ्या’तला ‘तु’ लघूच. आणि चौदा ओळी झाल्या म्हणजे सुनीत झालं असं नाही. मालगुंडच्या केशवसुतांनी मराठीत आणलेल्या या प्रकारात विचाराला एक वळण लागतं, बहुधा आठव्या ओळीनंतर. ते सापडलं नाही तर ती फक्त चौदा ओळींची कविता.

राहता राहिल्या रंगसूचना. ‘डावीकडून प्रवेश’ म्हणजे कोणाची डावी? संहितेच्या पहिल्या पानावर खुलासा असतो का ते आधी बघावं. नसेल तर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी धरावी आणि पहिल्याच तालमीला दोन्ही विंगांवर खडूने लिहून टाकावं.