तुम्ही विचारलंत म्हणून

मुंबईला चार दिवस राहून आले की पिशव्या खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो. वाण्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, जिन्यात. "मग काय काकू, आता वाईत करमतंय का?" परवा शेजारच्या मुलीनंही तेच विचारलं, पण तिचा सूर वेगळा होता. तिला हिंजवडीत नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात जायचंय आणि तिला खरं उत्तर हवं होतं. मी आपलं नेहमीचं "करमतं की, न करमायला काय झालं" म्हणून तिला वाटेला लावलं. ते रात्री टोचत राहिलं, म्हणून आता नीट सांगते.

नाही करमत. पहिले तीन दिवस तर अजिबात नाही.

नऊ वर्षं मी मुंबईत फोर्टात नोकरी केली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि मी वाईला परत आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणाऱ्या दोघी अजून तिकडेच आहेत. एक वसईची, एक पार्ल्याची. आम्ही एकमेकींना स्टेशनांवरूनच हाका मारतो. मला त्या 'वाई' म्हणतात, आमच्याकडे स्टेशन नसलं तरी. धाकटा भाऊ चार दिवस येऊन वडिलांजवळ राहतो, तेव्हा मला निघता येतं. म्हणजे वर्षातून एकदा.

वाटेतल्या खंबाटकी घाटाचं एक आहे. इतकी वर्षं पुण्या-मुंबईकडे जाताना बोगदा आणि परतताना घाट अशीच सवय. जाताना डोंगर कधी मागं पडला कळत नाही. येताना मात्र एसटी कण्हत एकेक वळण घेते आणि आपल्याला पुरेसा वेळ देते, परत का चाललोय याचा विचार करायला. नव्या बोगद्यांमुळे हीही सोय जाणार. 2023 च्या मार्चपासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाची सबब सांगून जाणं टाळताही येत नाही. सातारा गाडी सुरूर फाट्यावर सोडते. तिथून दहा-बारा किलोमीटर राहतात. लगेच एसटी नसली तर वडाप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरेपर्यंत शेजारच्या बाईला तुमचं सगळं कळलेलं असतं. "कुठनं आलासा? मुंबईला कोण असतं? कुणाच्या तुम्ही?" या तिसऱ्या प्रश्नाशी माझी मुंबई संपते.

लोकलमध्येही अनोळखी बायका प्रश्न विचारतात, पण एकच. "कुठे उतरणार?" तुम्ही अंधेरी म्हणालात की तुमची जागा तिची, मागून दुसरी विचारायला आली तर तिला "झाली" म्हणून सांगायचं, संपला संबंध. तुम्ही कुणाच्या, अंधेरीत कशाला उतरताय, हातातल्या पिशवीत काय, कुणाला देणंघेणं नाही. तो प्रश्न मला इतका आवडतो की यंदा बसायची गरज नसताना मी दोघींना विचारला.

मला जे आठवतं ते हेच. नाटकंबिटकं नंतर. हो, पार्ल्याचीनं दीनानाथची तिकिटं काढली होती, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, मजा आली. इथून नाटकाला जायचं म्हणजे साताऱ्याचं शाहू कला मंदिर, आणि रात्री परतायची गाडी कुठली हा घोळ. पण त्यावाचून माझं अडत नाही. अडतं ते असं, की दादरला मी एकटी एका हॉटेलात शिरले, मिसळ मागवली, पुस्तक उघडलं आणि पाऊण तास कुणी काही विचारलं नाही. वाईत हेच करून बघा. पाव येईस्तोवर तीन जण येऊन जातात. "काय, घरी कुणी नाही का?" "वडील बरे आहेत ना?" आणि तिसरा तर शेजारी बसतोच.

या खेपेला एक दिवस जास्त राहिले. आजवर मी रविवारी रात्री निघायचे, यंदा सोमवारी दुपारची गाडी होती. त्या एका सोमवारानं सगळा घोटाळा केला.

पाच वाजून दहा मिनिटांनी वसईचीचा मोबाइल वाजला. तिनं तो एका हातानं बंद केला आणि दुसरा हात आधीच ओट्यावरच्या डब्याकडे गेलेला. दिवा लावला नाही; बाहेरच्या खोलीत मी झोपलेय म्हणून. अंधारात, खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या उजेडात तिनं बारा पोळ्या लाटल्या. मी जागीच होते, मोजत होते. अधूनमधून ती तव्याच्या वर मान काढून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. ते घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. चार दिवसांत हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

म्हटलं, तुझ्याबरोबरच दादरला उतरते. ती काही बोलली नाही. फलाटावर ती एका विशिष्ट फरशीवर जाऊन उभी राहिली, डबा बरोबर तिच्यापुढे आला आणि गाडी थांबायच्या आत ती दिसेनाशी झाली. मी बाहेर. माझ्यापुढे कुणाचा तरी डबा, कुणाचा कोपर, आणि गाडी गेली. नऊ वर्षं मी हे रोज केलं होतं. पाच मिनिटांनी तिचा फोन. मागं पुलाचा धडधडाट ऐकू येत होता, म्हणजे भाईंदरच्या खाडीवर असावी. "अगं, सॉरी. मस्टर आहे. तू दमानं ये." फोन ठेवला. पुढच्या दोन गाड्याही मी सोडल्या.

तेव्हा लक्षात आलं की चौदा वर्षं मी मुंबईला म्हणून जाते ती मुंबई नाहीच. ती या दोघींची रजा आहे. वसईची वर्षभर एकेक सुट्टी राखून ठेवते, पार्ल्याची आपल्या आईला चार दिवसांसाठी दुसऱ्या लेकीकडे पाठवते, आणि दोघी मिळून मला एक शहर तयार करून देतात, ज्यात नाटकं आहेत, समुद्र आहे, गप्पा आहेत आणि कुणालाही मस्टर नाही. त्या शहरात त्या स्वतःही राहत नाहीत. मग मी त्या रजेशी माझा इथला मंगळवार ताडून बघते आणि तीन दिवस तोंड पाडून बसते.

उलटंही तसंच. डिसेंबरात त्या इकडे येतात तेव्हा मी त्यांना पसरणीच्या घाटानं पाचगणीला नेते, येताना स्ट्रॉबेरी. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर बसतो. तिथली मोठी घंटा वसईच्या लढाईनंतर इकडे आली, हे दर वर्षी नव्यानं सांगायचं आणि वसईचीनं दर वर्षी "आमची घंटा परत द्या" म्हणायचं, हे ठरलेलं आहे. पार्ल्याची इंजिनिअर. तिला ढोल्या गणपतीपेक्षा देवळाची मागची भिंत आवडते. 1762 साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, मागून माशासारखं निमुळतं, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ती त्या भिंतीला हात लावून उभी राहते आणि म्हणते, "तुझं बरं आहे गं. रोज हे."

रोज? मेणवलीला मी त्यांच्याबरोबर जाते तेवढीच. ढोल्या गणपतीवरून येता-जाता रस्त्यातूनच हात जोडते. माझं रोज म्हणजे वडिलांना उठवणं, अंघोळ, आणि मग मुद्रितं. मी मुद्रितशोधन करते, म्हणजे छापायच्या मजकुराची प्रूफं तपासते. वाईत यात नवल नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांनी इथं बसून मराठी विश्वकोशाचं काम उभारलं, 1976 साली पहिला खंड निघाला, ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणारी माणसं या गावात अजून सापडतात. हल्ली मुद्रितं मेलवर येतात. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि नेमकी त्याच संध्याकाळी प्रकाशकाला फाइल हवी असते. मेंदूचा डॉक्टर साताऱ्याला; वडिलांना गाडीत बसवायचं म्हणजे दोन माणसं हवीत. हे मी त्या दोघींना दाखवत नाही. माझीही ती रजाच असते.

आता तीन दिवसांनी काय होतं, तेही विचारलंत म्हणून. काही होत नाही. या वेळी चौथ्या दिवशी साखर आणायला गेले तर वाण्यानं गल्ल्याखालून एक खोकं काढलं. कुरिअरवाला येऊन गेला होता, भाऊ झोपला असेल, त्यानं दुकानात ठेवून घेतलेलं. "चष्मा आहे वाटतं," वाणी म्हणाला. "हलवून बघितलं. नंबर वाढला का?" खरोखरच वाढला होता. मला राग आला, मी साखर घेतली, आणि जिना चढता चढता आठवलं की वसईला असंच एक खोकं दारात पडून होतं आणि वसईचीनं येताच ते पायानं आत सरकवलं होतं, समोरच्या दाराकडे न बघता. तिला सहा वर्षांत समोरच्यांचं आडनाव कळलेलं नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मलाही तिथे असताना वाटलं नव्हतं.

त्या मुलीला मी एवढंच सांगणार आहे की पहिल्या वर्षी मैत्रिणींना हिंजवडीला बोलावलंस तर सोमवारपर्यंत ठेवून घे.

परत आल्यावर आठवडाभर वसईची मला रोज फोन करते, परतीच्या गाडीतून. काल मी औषधं आणायला गणपती आळीतून चालले होते. ती उभीच होती, बोरिवलीपासून चौथी सीटही, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला टेकायची जागाही, मिळाली नव्हती. बोलता बोलता तिच्या बाजूनं ऐकू आलं, "पुढील स्टेशन, नायगाव." तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या आजींनी मला हटकलं, "काय गं, कुठं निघालीस?"

वसईचीनं ते ऐकलं आणि गाडीत मोठ्यानं हसली. "सांग की त्यांना," म्हणाली, "कुठे उतरणार ते."

"इथंच जरा," मी आजींना म्हटलं.