काल आला नाहीत?

लग्नात, बारशाला, बँकेत केवायसीच्या रांगेत, कुठेही भेटा. घरून भाषांतराचं काम करते म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती सुटतात?’ आणि दुसरा ‘दिवसभर एकटीला कंटाळा नाही का येत?’ पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याला इतकी वर्षं ‘छे, सवय झाली’ म्हणून वाटेला लावत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

कंटाळा येत नाही. डोक्यावर तारीख असली की कंटाळ्याला फुरसतच नसते. होतं ते वेगळंच. नवरा सहा-सहा महिने बोटीवर, मुलगी शिकायला बंगळुरूला. एका मंगळवारी सकाळी गॅसवाल्याने बेल वाजवली. ‘आत ठेवा’ म्हणायला गेले तर घशातून नुसती घरघर. सर्दी नाही, खोकला नाही. मग लक्षात आलं, रविवारी संध्याकाळी आईशी फोनवर बोलले त्यानंतर मी तोंडच उघडलं नव्हतं. मेल मात्र पंधरा-वीस लिहिले होते, सगळे अगदी हसतमुख.

माझं बरंचसं काम औषधांच्या चाचण्यांचं: संमतीपत्रं, रुग्णांनी भरायच्या प्रश्नावल्या. योगायोग असा, की त्याच सुमारास एकाकीपणा मोजायची प्रश्नावली हातात आली. अशा मोजपट्ट्यांमधली सगळ्यात प्रसिद्ध १९७८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आली, वीस वाक्यांची. पुढे तिची तीन प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली. माझ्याकडची त्याच कुळीतली होती. माझं घोडं अडलं ते शब्दावर. ‘एकटा’ म्हणजे नुसती डोकी मोजणं. ‘एकलकोंडा’ हा स्वभाव झाला, आणि अर्धी शिवीही. ‘एकाकी’ बरोबर, पण तो शब्द घरात बोलतं कोण? असं भाषांतर झालं की ते पाच-सहा साध्या माणसांना वाचून दाखवतात, कळतंय का ते बघायला. ‘एकाकी’ ऐकून एक आजी म्हणाल्या, ‘‘म्हणजे घरात सात माणसं, पण मी जेवले का हे कुणाच्या ध्यानात नाही, तसं ना?’’

शब्द ‘एकाकी’च ठेवला. आजींचं वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं.

कारण तोवर मी माणसं वाढवायच्या मागे होते. भाड्याने टेबल देतात तशा एका जागी तीन महिने जाऊन बसले. छान एसी, छान कॉफी, आणि प्रत्येकाच्या कानात हेडफोन. सोडलं तेव्हा फक्त वाय-फायवाल्या मुलाला कळलं, तेही पासवर्ड बंद करायचा होता म्हणून. मला माणसं कमी नव्हती. मी नाहीये, हे कळणारं कुणी नव्हतं. नोकरी करणाऱ्याची रिकामी खुर्ची चार जणांना दिसते, माझी रिकामी राहिली तर एक मेल उशिरा जातो, बस. (ब्रिटनने २०१८ साली एकाकीपणासाठी चक्क मंत्री नेमला. आमच्या सोसायटीत हे खातं तळमजल्यावरच्या काकूंकडे आहे, पण त्या खात्यात चौकशा फार.)

मग मी माझ्या गैरहजेरीचीच सोय केली. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. आम्ही सगळे त्याला ‘सावाना’ म्हणतो. अकराच्या सुमाराला स्कूटी काढून तिथे जाते आणि वर्तमानपत्रं वाचत तासभर बसते. काम नेत नाही. तिथे दोस्ती-बिस्ती कुणाशी होत नाही, आणि ते फार बरं. गप्पा मारायला जाणाऱ्याने तिथे जाऊच नये, लगेच कुणीतरी डोळे वटारतं. पण कोण कुठल्या खुर्चीवर, कुणाला आधी कुठला पेपर, हे सगळं ठरलेलं असतं. जुलैच्या पावसात मी चार दिवस दांडी मारली. पाचव्या दिवशी शब्दकोडं सोडवणारे एक काका पेपरवरून मान वर न करता म्हणाले, ‘‘ताई, काल आला नाहीत?’’ चारही दिवस आले नव्हते, पण ‘काल’ चाललं मला. पाठोपाठ, ‘‘कमळ. चार अक्षरी. शेवटी ह.’’ मी भाषांतर करते हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. ‘सरोरुह’, म्हटलं. त्यांनी लिहिलं, धन्यवाद वगैरे काही नाही.

दुसरी सोय सांगलीच्या मैत्रिणीची. तीही भाषांतरंच करते. दुपारी साडेतीनला एकमेकींना आपापला सगळ्यात अडलेला परिच्छेद फोनवर मोठ्याने वाचून दाखवायचा. मोठ्याने वाचलं की वाक्य कुठे लंगडतंय ते डोळ्याआधी जिभेला कळतं, हा कामाचा भाग. पण तीन पस्तीसपर्यंत माझा फोन गेला नाही तर ‘मेलीस का गं?’ असा मेसेज येतो, त्यासाठीही मी हे करते.

सगळं सुटलंय असं नाही. मोठं काम आलं की आधी सावानाच सुटतं, आणि रविवार संध्याकाळवर मला अजून काही सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात सोमवार-मंगळवार काकांची खुर्ची रिकामी. बुधवारी मला राहवेना. नाव माहीत नाही, म्हणून काउंटरवर ‘ते शब्दकोडंवाले’ असं विचारलं. ‘‘मुलाकडे गेलेत पुण्याला, येतील.’’ गुरुवारी आले. मी म्हटलं, ‘‘काका, सांगून जायचं ना.’’

‘‘तुम्ही सांगून जाता?’’ म्हणाले, आणि पेपर उघडला.